एकाच वेळी दोन चक्रीवादळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुमारास समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की मोबाइलवर उपग्रहाची चित्रं फिरायला लागतात. त्या चित्रात एकदम दोन भोवरे दिसले तर मग विचारायलाच नको. ‘दोन्ही वादळं एकत्र येणार, महावादळ होणार’ हा निरोप आपल्याला चार जणांकडून येतो आणि आपणही तो पुढे चार जणांना पाठवतो. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही वादळं अरबी समुद्रात बरोबरीने होती. तेव्हापासून हे प्रश्न कोकण-गोव्याकडून हमखास येतात. काही उत्तरं लांब आहेत, काही ओळीभरात संपतात.

दोन चक्रीवादळं खरंच एकमेकांवर परिणाम करतात का?

करतात, पण पुरेशी जवळ आली तरच.

चक्रीवादळ आपल्या मर्जीने कुठे जात नाही. ते गरगरत असतं, पण पुढे सरकतं ते भोवतालच्या हवेच्या मोठ्या प्रवाहामुळे. शेजारी एखादं मोठं उच्च दाबाचं क्षेत्र असेल, तर त्याच्या कडेकडेने वाहणारा वारा वादळाला घेऊन जातो. आता त्याच भागात दुसरं वादळ आलं, तर त्याचा घोंघावणारा वारा हाही या ‘भोवतालच्या हवेचा’ भाग होतो. पहिलं वादळ दुसऱ्याच्या वाऱ्यात सापडतं आणि दुसरं पहिल्याच्या. दोघं एकमेकांना बाजूला रेटतात आणि मधल्या एका बिंदूभोवती फिरायला लागतात. उत्तर गोलार्धात हे फिरणं घड्याळाच्या काट्यांच्या उलट असतं, दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने.

फुगडी डोळ्यांसमोर आणा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर दोघी सारख्याच फिरतात. एक दणकट आणि एक चिमुरडी असेल, तर दणकट जागच्या जागी राहते आणि चिमुरडी मोठा फेरा मारते. वादळांचंही तसंच, मोठं फारसं हलत नाही आणि लहान त्याच्याभोवती फेकल्यासारखं जातं. फरक एवढाच की फुगडीत हात ओढलेले असतात. वादळं एकमेकांना ओढत नाहीत, ती कडेने ढकलतात. जवळ येणं हा त्याच्या पुढचा टप्पा आणि तो दर वेळी येतोच असं नाही.

याला ‘फुजिवारा परिणाम’ का म्हणतात?

साकुहेइ फुजिवारा (१८८४–१९५०) या जपानी हवामानशास्त्रज्ञाच्या नावावरून. पाण्यातले दोन भोवरे जवळ आले की कसे वागतात याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९२१ मध्ये त्यावरचा निबंध ब्रिटनच्या रॉयल मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे ते जपानच्या केंद्रीय हवामान वेधशाळेचे प्रमुखही झाले. पहिला हवामान उपग्रह १९६० मध्ये सुटला, म्हणजे ज्या दृश्याला आज त्यांचं नाव दिलं जातं ते आकाशातून कसं दिसतं, हे त्यांना कधीच बघायला मिळालं नाही. सगळं कळलं ते पाण्याकडे बघून.

किती जवळ यावी लागतात?

प्रशांत महासागरातल्या नोंदींवरून काढलेला ठोकताळा असा: अंतर सुमारे १४०० किलोमीटरच्या आत आलं की परिणाम जाणवू शकतो. १४०० किलोमीटर म्हणजे मुंबई ते दिल्ली रेल्वेने जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढं. लहान वादळांना याहून बरंच जवळ यावं लागतं. केंद्रांमधलं अंतर ३०० किलोमीटरच्या आत आलं तर ती एकमेकांत मिसळण्याची शक्यता असते. हे अंतर मुंबई ते देवगड सरळ रेषेत मोजाल तेवढं आहे.

पण हे आकडे म्हणजे काही बांध घातलेली हद्द नव्हे. वादळ कितपत पसरलेलं आहे यावर सगळं ठरतं. १९७९ मधल्या ‘टिप’ या टायफूनचा (वायव्य प्रशांतातल्या चक्रीवादळाला टायफून म्हणतात) झंझावाती वाऱ्यांचा घेर तब्बल २२०० किलोमीटर व्यासाचा होता. उलट १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या ‘ट्रेसी’चे तसे वारे केंद्रापासून पन्नासेक किलोमीटरवर संपत होते. ट्रेसीसारखी दोन वादळं हजार किलोमीटरवर असली तर त्यांना एकमेकांचा पत्ताही लागणार नाही.

मग दोन वादळं एकमेकांवर आदळतात का?

आदळत नाहीत. ती काही दोन ट्रक नाहीत. बहुतेक वेळा पुढच्या तीनपैकी एक गोष्ट होते: थोडा वेळ एकमेकांभोवती फिरून दोघं आपापल्या वाटेने सुटतात, किंवा एकाची वाट वाकते आणि दुसऱ्याला फारसा फरक पडत नाही, किंवा लहान वादळ मोठ्यात विरून जातं.

हे विरून जाणं कसं होतं ते बघण्यासारखं आहे. मोठ्या वादळातून वर चढलेली हवा बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पोहोचली की चहूकडे पसरते. ती लहान वादळाच्या माथ्यावरून जोरात वाहते. खाली समुद्रालगतचा भोवरा एका जागी आणि वरचा गडगडाटी ढगांचा डोंगर सरकून दुसरीकडे, अशी त्याची अवस्था होते. उपग्रहाच्या चित्रात तेव्हा लहान वादळाचं केंद्र उघडं पडलेलं दिसतं: पातळ, खालच्या ढगांची नुसती चक्री, आणि पांढरेशुभ्र उंच ढग बाजूला गेलेले. पाऊस केंद्रापासून तुटला की वादळाची ऊर्जाच तुटते. मग उरलेली चक्री मोठ्याच्या वाऱ्यात ताणली जाते, लांबट होते आणि अखेर त्याच्या पावसाच्या पट्ट्यांपैकी एक पट्टा होऊन बसते.

एप्रिल २०२१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ हेच झालं. ‘सेरोजा’ने ‘ओडेट’ला आधी आपल्याभोवती फिरवलं आणि मग गिळलं. त्यानंतर ११ एप्रिलला सेरोजा कालबारी या गावाजवळ किनाऱ्यावर आलं. इतक्या दक्षिणेला एवढं जोरकस वादळ क्वचितच येतं, त्यामुळे तिथली घरं तशा वाऱ्यासाठी बांधलेलीच नव्हती. गावाचं मोठं नुकसान झालं.

दोन वादळं एक झाली तर ताकद दुप्पट होते ना?

नाही. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याची दोन वादळं मिळून २४० चं एक होत नाही. वादळाला ऊर्जा मिळते ती खालच्या गरम समुद्रातून, शेजारच्या वादळातून नव्हे. ते किती तीव्र होणार हे पाण्याची ऊब, हवेतला ओलावा आणि वरच्या-खालच्या वाऱ्यांतला फरक यावर ठरतं.

याचं नेमकं उदाहरण म्हणजे २०२२ चं ‘हिन्नमनोर’. ऑगस्टअखेरीस जपानच्या दक्षिणेला ते अतिशय तीव्र होतं. जवळच्या एका लहान प्रणालीला त्याने पोटात घेतलं. निरोप फिरवणाऱ्यांच्या हिशेबाने ते आता अक्राळविक्राळ व्हायला हवं होतं. झालं उलट: त्याचा घेर वाढला, पण वारे मंदावले. एकाच जागी रेंगाळल्यामुळे त्याने खालचं थंड पाणी वर आणलं आणि आपलाच आधार कमी करून घेतला. पुढे ते दक्षिण कोरियाला जाऊन धडकलं आणि तिथे नुकसानही मोठं झालं, पण त्यात बेरजेचा भाग नव्हता.

२०१९ मध्ये क्यार आणि महा यांनी एकमेकांवर परिणाम केला का?

हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिम बाजूचं पाणी नेहमीपेक्षा बरंच गरम आणि पूर्व बाजूचं गार होतं. याला हिंद महासागरीय द्विध्रुव म्हणतात आणि त्या वर्षी तो जोरात होता. परिणामी अरबी समुद्रात एका वर्षात पाच चक्रीवादळं झाली. एरवी वर्षाला सरासरी एखादंच होतं.

क्यार ऑक्टोबरच्या २४-२५ तारखेला रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात तयार झालं. सुरुवातीला त्याचं तोंड कोकणाकडे होतं, मग ते पश्चिमेला वळलं आणि ओमानच्या दिशेने निघालं. २७ तारखेला, म्हणजे नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, हवामान खात्याने त्याला सर्वोच्च श्रेणी दिली. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात एवढं तीव्र वादळ झालं नव्हतं. किनाऱ्याला ते लागलं नाही, पण कोकणात त्याने पाऊस पाडला. कापून शेतात आडवं ठेवलेलं भात भिजलं आणि त्याला कोंब फुटले. समुद्रात गेलेल्या होड्यांनी मिळेल त्या बंदरात आसरा घेतला. घाटावर आणि मराठवाड्यात परतीच्या पावसाने आधीच सोयाबीन कुजत होतं, तिथे ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी सुरू होती.

क्यार ओमानकडे जाता जाता ढिलं पडत असताना लक्षद्वीपजवळ ३० ऑक्टोबरला महा तयार झालं. आता चित्रात दोन भोवरे होते आणि ते चित्र प्रसिद्ध झालं. पण दोघांमधलं अंतर हजार किलोमीटरहून बरंच जास्त होतं आणि क्यार उतरणीला लागलेलं होतं. क्यार ओमानच्या अलीकडून नैऋत्येला वळून सोमालियाच्या बाजूला विझलं. महा आधी वायव्येला गेलं, ४ नोव्हेंबरच्या सुमारास ऐन भरात आलं आणि मग एकदम वळून गुजरातकडे निघालं. त्या वळणाचं श्रेय अनेकांनी क्यारला दिलं, पण तोवर क्यार राहिलंच नव्हतं! महाला वळवलं ते वरच्या थरातून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांनी. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत त्याचा पार डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाहून कमजोर कमी दाबाचा पट्टा, झालेला होता.

तेव्हा क्यार आणि महा एकाच समुद्रात एकाच वेळी होती, ही खरोखर दुर्मीळ गोष्ट. ती एकमेकांभोवती फिरली, हे मात्र घडलेलं नाही.

गुलाब आणि शाहीन ही दोन वादळं होती ना?

नावं दोन, गाभा एकच. गुलाब २६ सप्टेंबर २०२१ रोजी उत्तर आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. जमिनीवर ते मावळलं, पण त्याचे अवशेष पश्चिमेला सरकत राहिले. मराठवाड्याने ती अतिवृष्टी भोगली, मांजरेचा पूर अजून लोकांच्या लक्षात आहे. पुढे हेच अवशेष गुजरातकडून अरबी समुद्रात उतरले, पुन्हा जोर धरला आणि नव्या प्रणालीला शाहीन हे नवं नाव मिळालं. ३ ऑक्टोबरला ते ओमानवर धडकलं. फुजिवारा परिणामाशी याचा संबंध नाही.

एक वादळ बंगालच्या उपसागरात आणि एक अरबी समुद्रात असेल तर?

ऑक्टोबर २०१८ मध्ये असंच होतं. ‘तितली’ आंध्र-ओडिशाच्या सीमेजवळ ११ तारखेला आलं आणि त्याच वेळी ‘लुबान’ येमेनकडे चाललं होतं. मध्ये अख्खा भारत आणि बराचसा अरबी समुद्र, म्हणजे हजारो किलोमीटर. एकमेकांना हलवण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही वादळं एकाच वेळी का आली याचं कारण वेगळं: उष्ण कटिबंधातून ढगांची एक मोठी लाट पूर्वेकडे सरकत असते आणि ती आपल्या भागातून जात असेल तेव्हा दोन्ही समुद्रांत वादळांना पोषक हवा मिळते. सामाईक कारण असणं म्हणजे एकाने दुसऱ्याला घडवणं नव्हे.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना जुळी वादळं दिसतात, ती काय भानगड आहे?

मे २०२२ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘असानी’ आणि विषुववृत्ताखाली ‘करीम’ अशी जोडी झाली होती. मे २०२३ मध्ये ‘मोखा’ आणि ‘फॅबियन’. चित्रात ती आरशातल्या प्रतिबिंबासारखी दिसतात, कारण उत्तरेचं वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं आणि दक्षिणेचं काट्यांप्रमाणे.

विषुववृत्तावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत आला की त्याच्या उत्तर बाजूला एक आणि दक्षिण बाजूला एक असे दोन भोवरे सुटतात. पोषक परिस्थिती असेल तर दोन्हींची वादळं होतात. ही एकमेकांभोवती फिरू शकत नाहीत, कारण त्यांचं फिरणं विरुद्ध आहे. नुसत्या सिद्धांताने बघितलं तर अशी जोडी एकमेकांना पूर्वेकडे ढकलेल. प्रत्यक्षात ती इतकी लांब असतात की हा धक्का नगण्य ठरतो आणि दोघं आपापल्या ध्रुवाच्या बाजूला निघून जातात.

प्रशांत महासागरातच हे एवढं का घडतं?

गणित सोपं आहे. वायव्य प्रशांत महासागरात वर्षाला सरासरी पंचवीसेक वादळांना नाव मिळतं. आपल्या दोन समुद्रांत मिळून पाच. तिथे समुद्र अफाट, हंगाम जवळजवळ वर्षभर. आपल्याकडे मोसमी पावसाच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे काही आठवडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये यिनशिंग, तोराजी, उसागी आणि मान-यी अशी चार वादळं तिथे एकाच वेळी होती. १९५१ पासूनच्या जपानी नोंदींत नोव्हेंबर महिन्यात असं पूर्वी झालेलं नव्हतं.

फुजिवारा परिणामाने सगळ्यात जास्त हाल कुठे झाले?

वाऱ्यापेक्षा रेंगाळणं किती वाईट असतं हे समजून घ्यायचं तर फिलिपिन्समधलं २००९ चं ‘पर्मा’ बघा.

सप्टेंबरच्या २६ तारखेला ‘केत्साना’ने मनिला बुडवून ठेवलं होतं. आठवडाभरातच, ३ ऑक्टोबरला, पर्मा लुझॉन बेटाच्या उत्तर टोकाला आलं. ते बेट ओलांडून गेलं आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण तिकडे पूर्वेला ‘मेलोर’ हे प्रचंड टायफून जपानच्या दिशेने चाललं होतं. त्याच्या वाऱ्यात पर्मा अडकलं, जागच्या जागी थांबलं आणि मागे फिरलं. ६ ऑक्टोबरला ते पुन्हा लुझॉनवर. मेलोर जपानकडे निघून गेल्यावर त्याची पकड सुटली, तेव्हा पर्मा तिसऱ्यांदा तोच डोंगराळ भाग ओलांडत पश्चिमेला गेलं. तोवर त्याचे वारे अगदी सामान्य झाले होते. पण पाऊस? एकाच डोंगररांगेवर दिवसचे दिवस पाऊस. बेंगेत प्रांतात कडे कोसळले, सान रोके धरणातून पाणी सोडावं लागलं आणि खालचा पांगासिनान पाण्याखाली गेला. शेकडो माणसं गेली.

माझ्या मते या सगळ्या विषयात लोकांनी लक्षात ठेवावं असं उदाहरण हेच आहे. ‘महावादळ’ झालंच नाही. एक दुबळं वादळ घराकडे परत पाठवलं गेलं, इतकंच.

२०१२ मध्ये तैवानलाही असाच प्रसाद मिळाला. ‘तेम्बिन’ २४ ऑगस्टला बेट ओलांडून गेलं, पूर्वेकडून येणाऱ्या ‘बोलावेन’च्या प्रभावाने दक्षिण चीन समुद्रात एक वळसा घेतला आणि २८ तारखेला पुन्हा तैवानच्या दक्षिण टोकावर. पुढे बोलावेन आणि तेम्बिन दोघंही दोन दिवसांच्या अंतराने कोरियाला जाऊन पोहोचले.

कधी याचा फायदाही होतो का?

होतो. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस बहामाजवळ ‘इमेल्डा’ तयार झालं, तेव्हा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर तयारी सुरू झाली होती. पण पूर्वेला ‘हंबर्टो’ हे त्याहून फार मोठं हरिकेन (अटलांटिकातलं तीव्र चक्रीवादळ) होतं. त्याच्यामुळे इमेल्डा किनाऱ्यापाशी पोहोचण्याआधीच उजवीकडे वळून खुल्या समुद्राकडे गेलं. किनारा वाचला. बर्म्युडाच्या लोकांना मात्र हा फायदा वाटला नसेल, कारण त्यांच्या वाट्याला दोन्ही आली.

अगदी लांब असूनही एक वादळ दुसऱ्यावर परिणाम करू शकतं का?

थेट नाही, पण आडवाटेने हो. दोन वादळांच्या मध्ये त्यांच्या माथ्यावरून पसरलेली हवा खाली बसते आणि उच्च दाबाची एक पट्टी तयार होते. ती पट्टी मग दोघांनाही आपल्या कडेने वळवते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वादळांनी एकमेकांना ढकललं. ढकलणारी ती पट्टी असते. जुन्या नोंदींत फुजिवारा म्हणून टिपलेल्या काही जोड्या प्रत्यक्षात या प्रकारच्या असाव्यात, असं मला वाटतं.

दुसरी वाट पावसाची. जुलै २०२१ मध्ये ‘इन-फा’ हे टायफून अजून समुद्रातच होतं आणि ‘सेम्पाका’ दक्षिण चीनच्या किनाऱ्याशी. दोन्ही ठिकाणांहून वाहत आलेली दमट हवा चीनच्या आतल्या हनान प्रांतापर्यंत पोहोचली. २० जुलैला झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरलं. एकही वादळ तेव्हा त्या शहराच्या आसपास नव्हतं.

पहिलं वादळ पुढच्यासाठी समुद्र गार करून ठेवतं, हे खरं आहे का?

खरं आहे. वादळ समुद्र ढवळतं आणि खालचं थंड पाणी वर आणतं, त्यामुळे त्याच्या मार्गावर गार पाण्याचा पट्टा मागे राहतो. १९९८ मध्ये अटलांटिकात ‘बॉनी’ने ठेवलेल्या अशा पट्ट्यावरून जाताना ‘डॅनियल’ कमजोर झालं होतं. पण यावर विसंबून राहू नये. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘चपला’ येमेनवर जाऊन विझलं आणि लगेच ‘मेघ’ जवळपास त्याच वाटेने गेलं. सोकोत्रा बेटाला दोन्हींनी आठवड्याभराच्या आत झोडपलं, आणि तिथे मेघने जास्त नासधूस केली.

एकात दुसरं विरलं तर नाव कोणाचं राहतं?

जे टिकतं त्याचं. दोन्ही नावं जोडून नवं नाव करत नाहीत.

अशा वेळी अंदाज चुकतात का?

जास्त अवघड होतात. एका वादळाचा मार्ग काढताना दुसऱ्याची जागा माहीत असावी लागते आणि दुसऱ्याचा काढताना पहिल्याची. एकाच्या अंदाजात शंभर किलोमीटरची चूक झाली की ती दुसऱ्याच्या अंदाजातही शिरते, आणि तिथून परत पहिल्यात. म्हणून संगणकावर सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित अनेकदा केलं जातं. सगळी उत्तरं एका वाटेवर पडली तर विश्वास ठेवायला जागा असते. केरसुणीच्या काड्यांसारखी फाकली, तर किनाऱ्यावरच्या जास्त जिल्ह्यांना सावध करावं लागतं. मग ज्यांच्याकडे काहीच आलं नाही ते म्हणतात ‘उगाच घाबरवलं’. फाकलेला अंदाज म्हणजे चुकलेला अंदाज नव्हे, तो प्रामाणिक अंदाज असतो.

कधी दोन वादळांचा गाजावाजा होतो आणि एक आधीच गळपटतं, तसंही घडतं. ऑगस्ट २०२० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘मार्को’ आणि ‘लॉरा’ अशी जोडी येणार म्हणून केवढी चर्चा! मार्को वरच्या वाऱ्यांनी फाटून निस्तेज झालं. लॉराने मात्र २७ तारखेला लुईझियानाचा किनारा उद्ध्वस्त केला.

चित्र बघून स्वतः काही ताडता येतं का?

थोडंफार. भारतीय हवामान खात्याच्या पत्रकात वादळाच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर. आपल्या समुद्रात एक अंश रेखांश साधारण १०७ धरा. समजा एक वादळ १२ अंश उत्तर, ७२ पूर्वला आहे आणि दुसरं १७ उत्तर, ६६ पूर्वला. उभं अंतर ५५५, आडवं ६४२, आणि शाळेतल्या पायथागोरसने तिरकं काढलं तर सुमारे ८५० किलोमीटर. म्हणजे लक्ष ठेवण्यासारखी जोडी. दीड हजारावर उत्तर आलं तर तो निरोप पुढे पाठवू नका.

मग दोघांचा आकार बघा. एक भलंमोठं आणि एक लहान असेल तर लहानाचा अंदाज रोज बदलण्याची तयारी ठेवा. किनाऱ्याला धोका नेमका त्या लहानाकडून असू शकतो, पर्माचं तेच झालं.

दोन वादळं असतील तर बंदरात बावटा कोणत्या वादळाचा लावतात?

बावटा वादळाचा नसतो, बंदराचा असतो. एक ते अकरा नंबरपर्यंतचे बावटे त्या-त्या बंदराला किती आणि कसला धोका आहे ते सांगतात. समुद्रात वादळ एक असो की दोन, तुमच्या बंदरावर तीन नंबर चढला की त्याचा अर्थ तोच: इथे वादळी वारा येऊ शकतो, होडी बाहेर काढू नका. शेजारच्या जिल्ह्यात त्याच दिवशी वेगळा नंबर दिसला तर गोंधळून जाऊ नका. आपल्या बंदराचा बावटा उतरेपर्यंत तोच धरायचा, आणि एक वादळ निघून गेल्याची बातमी आली तरी दुसऱ्याचं पत्रक वाचल्याशिवाय दोर सोडायचे नाहीत.